त्रेचाळीसला आठ

नारायणगावच्या एका गॅरेजात भर पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. हातात खताची रिकामी गोणी, गोणीत ग्रीसने माखलेलं पिनियन.

"मिस्त्री, असलं एक कुठं मिळंल?"

मिस्त्रींनी ते हातात घेतलं, अंगठ्याने एकेक दात पुढे सारला. "आठ. क्राऊनचे किती?"

"ते काय मोजले नाय."

"मग जाऊन मोजून ये. त्रेचाळीस निघाले तर एक बोलू, एकोणचाळीस निघाले तर दुसरं."

गिऱ्हाईक जरा रागावूनच गेलं. त्याला दुकानाचा पत्ता हवा होता आणि मिळाला गृहपाठ. पण जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात जुन्या जीपा चालवणाऱ्यांत वावरल्यावर मला एक गोष्ट पटली आहे. या गाड्यांच्या गिअरबॉक्सचे, ट्रान्सफरचे, डिफरन्शियलचे भाग दुर्मिळ झाले आहेत हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. नेमका कोणता भाग हवा आहे हे ठाऊक असलेला माणूस त्याहून दुर्मिळ. चुकीचा भाग विकत घेऊन, बसवून, मोडून पुन्हा शोधायला निघालेल्या माणसांमुळेच निम्मी टंचाई दिसते.

या दोन तालुक्यांत जीप आली ती हौसेपोटी नाही. सामूहिक विकास योजनेच्या काळात गटविकास अधिकाऱ्याची जीप आली. मग डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांच्या कामावर पाटबंधारे खात्याच्या जीपा आल्या, वनखात्याच्या आल्या, साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाच्या आल्या. खात्यांनी लिलावात काढल्या की त्याच गाड्या वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागायच्या. जुन्नर-आळेफाटा, घोडेगाव-भीमाशंकर या रस्त्यांवर एका जीपमध्ये किती माणसं बसतात हा प्रश्न त्या काळी कुणी विचारत नसे. टपावर किती, एवढंच विचारत. त्यातूनही उरलेल्या गाड्या आज कुणाच्या गोठ्यामागे, कुणाच्या द्राक्षबागेच्या कडेला ताडपत्रीखाली आहेत, आणि काही अजून आहुपे, आंबोली, घाटघरच्या वाटेवर पावसाळ्यात खरोखर राबत आहेत.

यातल्या बहुतेक गाड्या महिंद्राच्या. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. उंच बॉनेटची सीजे-३बी ही त्यातली आपल्या डोळ्यांत बसलेली जीप. अमेरिकेत तिचं उत्पादन 1953 ते 1968 एवढंच चाललं. आपल्याकडे तोच साचा, आतली इंजिनं बदलत, पुढे कितीतरी वर्षं निघत राहिला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या गाजलेल्या घोटाळ्यातही जीपच होती. 1948 च्या त्या व्यवहारात बंदरावर उतरलेल्या 155 जीपा वापरण्याच्या लायकीच्या नव्हत्या. म्हणजे जीप घेताना फसण्याची आपली परंपरा सरकारी पातळीपासूनची आहे, खासगी माणसाने फार मनाला लावून घेऊ नये.

आता पोटात शिरू. जुन्या पेट्रोल जीपमध्ये टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स. वॉर्नर गिअर कंपनीचा मूळ नमुना. पहिल्या गिअरचं प्रमाण २.८, दुसऱ्याचं १.५५, तिसरा सरळ. पहिल्याला सिंक्रोनायझर नाही, तो सरकून दातात दात घालतो. त्यामुळे उभ्या गाडीतच तो घालावा हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक. त्याच्या मागे स्पायसरचा मॉडेल १८ ट्रान्सफर केस, लो मध्ये २.४६. आणि शेवटी पुढच्या-मागच्या डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनच्या दातांचं त्रेचाळीसला आठ, म्हणजे ५.३८. तिन्हींचा गुणाकार साधारण ३७ येतो. इंजिन संथपणे मिनिटाला 600 फेऱ्यांवर धुगधुगत असेल, तर जीप तासाला जेमतेम सव्वादोन किलोमीटर सरकते. नांगराच्या बैलापेक्षाही हळू. भाताच्या खाचरातून पोत्यांसकट बाहेर निघते ती याच आकड्याच्या जोरावर. म्हणून या गाडीचं इंजिन बदललं तरी ती जीप राहते. हा गुणाकार बदलला की राहत नाही, असं माझं मत. अनेकांना ते पटत नाही.

युद्धकाळातल्या मूळ जीपचा हिशोब मात्र वेगळा होता. तिच्यात टी-८४ बॉक्स, ट्रान्सफरचं प्रमाण १.९७ आणि डिफरन्शियल एकोणचाळीसला आठ, म्हणजे ४.८८. बाहेरून पाहिलं तर हाउसिंग एकसारखंच दिसतं. एखाद्याने मागचं डिफरन्शियल ५.३८ चं ठेवून पुढे कुठून तरी ४.८८ चं आणून बसवलं, तर फोर-व्हील लावल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं दहा टक्क्यांनी एकमेकांशी भांडायला लागतात. चिखलात ते भांडण घसरण्यावर निभावतं. डांबरावर निभावत नाही. मग ट्रान्सफरचा दात जातो, आणि मालक ट्रान्सफरचा गिअर शोधत मुंबईला जातो. रोग एकीकडे, औषध दुसरीकडे.

मोजायची रीत सोपी आहे. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, चाकाला आणि प्रोपेलर शाफ्टला खडूची एकेक खूण करायची, आणि दोन्ही चाकं बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरवायची. शाफ्ट पाच फेरे पूर्ण करून आणखी एक-तृतीयांशाहून थोडा पुढे गेला तर त्रेचाळीसला आठ. पाच पुरे होता होता थांबला तर एकोणचाळीसला आठ. खडूला पैसे पडत नाहीत, पण एवढं करणारा माणूस दहात एक भेटतो.

दुसरी फसवी जागा ट्रान्सफरमधला इंटरमीजिएट शाफ्ट. मॉडेल १८ ची खोड अशी की त्यात मागचा प्रोपेलर गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत नाही, बाजूला आहे. त्यामुळे हाय असो की लो, सगळी ताकद मधल्या गिअरमधूनच जाते. गुळगुळीत पुणे-नाशिक रस्त्यावर टू-व्हीलमध्ये पळतानाही तो शाफ्ट राबत असतो आणि म्हणूनच या जीपा सतत हुंकार देत चालतात. हा शाफ्ट तीन जाडींत आला: सुरुवातीच्या युद्धकालीन केसमध्ये पाऊण इंच, मग एक इंच एक सूत, आणि नंतर सव्वा इंच. लेथवाल्यांच्या भाषेत शेवटच्या दोन जाडींत फक्त एका सुताचा फरक. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. काउंटरवर पलीकडचा माणूस विचारतो "जीपचा शाफ्ट? विलीज की महिंद्रा?" आणि आपण "महिंद्रा" म्हणून मोकळे होतो. त्याने विचारायला हवं होतं "किती सुताचा?", आणि आपण व्हर्नियर लावून सांगायला हवं होतं. मी स्वतः एकदा शाफ्ट, गिअर, बेरिंगच्या सुया आणि वॉशर असा सगळा संच एका सुताच्या चुकीने घरी आणला होता. तो अजून कपाटावर आहे. भाजीच्या वजनकाट्यावर तोलला तर बरा भरतो.

मग हे भाग येतात कुठून?

सगळ्यात पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली, जागा म्हणजे घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आतलं भंगार. वडापच्या काळात कितीतरी जीपांचे पुढचे प्रोपेलर, कधी अख्खं पुढचं डिफरन्शियलसुद्धा काढून टाकलं गेलं. डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलचं काम नव्हतं, वजन मात्र होतं आणि डिझेलही जास्त जाई. ते पुढचे ॲक्सल गोठ्यात, विहिरीच्या काठाला, कुठे बांधावर तारेच्या कुंपणाचा खांब म्हणून पडले आहेत. ज्यांनी काढले त्यांना त्याची किंमत नव्हती आणि ज्यांना किंमत आहे ते पुण्या-मुंबईहून इंटरनेटवर शोधत बसतात. गावात पारावर विचारलं तर सापडतं. नवी गाडी जुन्या नावाने चालवायच्या हौसेत जे लोक तीन गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवतात, त्यांचा काढलेला टी-९० हाही असाच साठा. महिंद्राची इंजिनावरच केबिन असलेली चपट्या तोंडाची एफसी-१५० मालवाहू गाडी ज्यांना आठवत असेल त्यांनी तिच्याही अवशेषांकडे लक्ष ठेवावं. तिच्यात हेच कुळ आहे.

पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवारचा. तिथे सुटे गिअर रस्त्यावर सतरंजीवर मांडलेले असतात आणि विकणाऱ्याला ते कशाचे हे बहुधा माहीत नसतं. हे गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडतं, पण ते गिऱ्हाईक मोजून आलेलं असेल तर. नाना पेठेत नव्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या दुकानदाराकडे वरच्या मजल्यावर जुन्या खोक्यात एखादा ओरिजिनल गिअर निघू शकतो. त्यासाठी दोनदा चहा प्यावा लागतो आणि तिसऱ्यांदा तोच म्हणतो, "वर बघून येतो." मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड कापलेल्या गाड्यांचा, तर ऑपेरा हाउसचा परिसर नव्या मालाच्या व्यापाऱ्यांचा. दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. आणि हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली. तिथे जुन्या जीपा नव्याने उभ्या करण्याचा धंदाच आहे, मोठ्या टायरच्या, रंगीबेरंगी. समाजमाध्यमांवर तिथली चित्रं पाहून आपल्याकडच्या पोरांना भुरळ पडते. डबवालीची अख्खी गाडी घ्यायच्या फंदात मी पडणार नाही, कागदपत्रांचा गोंधळ हे त्याचं मोठं कारण. पण तिथून सुटे भाग मागवणारे बरेच आहेत.

उत्तरेतून येणाऱ्या नव्या मालाला सरसकट 'डुप्लिकेट' म्हणून नाकं मुरडण्याची पद्धत आहे. ते अन्यायाचं. भारतात बनलेले जीपचे भाग अमेरिकेतले जीपवालेही वापरतात. त्यातले काही उत्तम असतात. वाईट ओळखायचे कसे? मिस्त्रींची परीक्षा कानशीची. गिअरच्या दाताच्या कडेवर बारीक कानस हलकेच ओढायची. कानस घसरली, कुईं केलं, तर वरचा थर कडक आहे. कानस चावली आणि चकचकीत चुरा निघाला, तर गिअर मऊ आहे, परत पिशवीत. दुकानदार चिडतो, चिडू दे. दाताला बाहेरून कडक कवच आणि आतून चिवट गाभा हवा. अख्खा दातच कडक झाला तर तो काचेसारखा तुटतो, अख्खा मऊ राहिला तर घाटातल्या पहिल्या हंगामात झिजतो. कार्बन मुरवून कडक करण्याची प्रक्रिया नीट केली की हे साधतं, आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिथेच लागते.

लष्कराच्या लिलावांबद्दल गावोगाव दंतकथा आहेत. खडकीला, देहूरोडला लष्करी आगारं असल्यामुळे पुणे जिल्ह्यात त्या जरा जास्तच. पूर्वी आगाराच्या फाटकाशी ओळख पुरे असे. आता टाकाऊ मालाची विक्री प्रामुख्याने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात, मोठ्या गठ्ठ्यांत होते. एक गिअर हवा म्हणून चाळीस टन लोखंड कोण घेणार? त्यामुळे माल व्यापाऱ्याकडे जातो आणि तिथून किरकोळीत. जोंगा बाळगणाऱ्यांना मात्र या वाटेवाचून गत्यंतर नाही. निसानच्या 'पट्रोल' (Patrol) या गाडीवरून जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ही लष्करी गाडी नागरी बाजारात फारशी कधी नव्हतीच, त्यामुळे तिचे भागही गावच्या भंगारात सापडत नाहीत. जोंगा घेण्याआधी माणसाने आपला स्वभाव तपासावा.

सरकारी जीपांचा गावातला झरा मात्र आता आटला आहे. जानेवारी 2023 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून बंद झालं आणि ती वाहनं नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यायची ठरली. धुराच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण पंचायत समितीच्या आवारात चिंचेखाली उभी राहून लिलावाची वाट पाहणारी जीप, आणि तिच्याभोवती घिरट्या घालणारे चार मिस्त्री, हे दृश्य त्यासोबत गेलं.

परदेशातून मागवणं हा शेवटचा मार्ग, आणि काही भागांसाठी पहिला. अमेरिकेत टी-९० चे दुरुस्ती संच आजही तयार मिळतात: सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा, सुया, वॉशर, स्प्रिंगा. हे भाग हलके, म्हणून दिवाळीला घरी येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत मावतात. काउंटर गिअर मागवायचा तर वजनाचं भाडं आणि सीमाशुल्क मिळून गिअरपेक्षा भारी पडतं. फिलिपिन्समधली एक कंपनी विलीजचं पत्र्याचं अख्खं शरीर नव्याने बनवते, त्यामुळे बाहेरून कोरी युद्धकालीन जीप उभी करणं आता पैशाचं काम आहे. आतून कोरी करणं हे अजूनही शोधाचं.

बेरिंगं आणि सील यांच्यासाठी मात्र जीपच्या दुकानात जाऊच नये. बेरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि तो नंबर जगभर एकच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापं दिली की सीलवाला सील देतो, गाडी कोणती हे त्याला विचारायचंही नसतं. 'जीपचं' म्हणून मागितलं की भाव वाढतो.

नवा बनवून घेणं हा पर्याय ऐकायला सोपा. भोसरीत गिअर कापणाऱ्यांची कमी नाही. अडचण अशी की हे गिअर अमेरिकन, इंचांत मोजलेले; आपल्याकडच्या कारखान्यांतली कापणारी हत्यारं बहुतांश मिलिमीटरच्या मापाची. जवळचं माप घेऊन कापलेला गिअर दिसायला जुळतो, फिरताना जुळत नाही. साधा सरळ दात, शाफ्ट, बुश, वॉशर हे खुशाल बनवावं. ट्रान्सफरच्या केसमधलं शाफ्टचं भोक लंबगोल झालं असेल तर बोअर करून स्लीव्ह घालणं हे चांगल्या टर्नरचं एका दिवसाचं काम आहे आणि त्यातून तेलाची गळतीही थांबते. क्राऊन-पिनियनच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांचे वळणदार दात खास यंत्रावर कापले जातात आणि मग दोघं एकमेकांवर घासून जोडी बनवली जाते. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळणाऱ्या बैलांसारखी ती जोडी असते. डावा एका गावचा आणि उजवा दुसऱ्या गावचा जुंपला तर पळतील, पण बारी लागणार नाही.

या खटाटोपाला कायद्याचीही एक बाजू आहे. जुलै 2021 मध्ये आलेल्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना विंटेजचा दर्जा दिला: नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही अट. म्हणजे ज्या सीजे-३बी मध्ये वाटेत कुणीतरी डिझेल इंजिन बसवलं, आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिकांत ते बसवलं असावं, तिला हे दार अवघडच. त्या अटीत गिअरबॉक्सचा शब्द नाही. पण आपल्या तालुक्यातल्या जीपा बहुतांश कामाच्या आहेत. ज्याची गाडी अजून चारा आणते त्याला 'व्हीए' ची पाटी परवडत नाही.

भाग मिळाला तरी काम संपत नाही. दुसरा गिअर निसटतो म्हणून लोक दुसरा गिअरच बदलायला निघतात. निसटण्याचं कारण बहुधा काउंटर गिअरचे झिजलेले वॉशर, मेनशाफ्टचा ढिला नट किंवा बेरिंगची चाल असते. चाल मोजा, वॉशर बदला, निम्म्या वेळा गिअर वाचतो. तेलही पाहून भरावं. जीएल-५ लिहिलेल्या तेलातली तीव्र द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना खातात. गिअरबॉक्सला जीएल-४ बरं. डिंभ्याच्या फुगवट्याकाठी किंवा ओढ्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी तळाचा बोल्ट सैल करून तेलाचा थेंब पाहावा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदलावं. माझ्या पाहण्यात पश्चिम पट्ट्यातली जितकी बेरिंगं झिजून गेली, त्याहून जास्त दुधाळ तेलाने गेली.

त्या गोणीवाल्या गिऱ्हाइकाचे दात त्रेचाळीस निघाले. जुळती जोडी त्याला ओतूरजवळच्या एका शेतात, शेडमागे पडलेल्या हाउसिंगमध्ये मिळाली. बसवायच्या दिवशी मी होतो. मिस्त्रींनी तेलात कालवलेला शेंदूर बोटाने क्राऊनच्या पाच-सहा दातांना लावला, हाताने फेरा दिला आणि खाली वाकून पाहिलं. शेंदराचा ठसा दाताच्या टाचेकडे सरकला होता. एक पातळ शिम काढली, पुन्हा शेंदूर, पुन्हा फेरा. चौथ्या वेळी ठसा दाताच्या मधोमध आला. डायल लावून चाल पाहिली, सहा हजारांश इंच. हात पुसत त्यांनी काढलेली जुनी जोडी तारेने एकत्र बांधली आणि मागच्या फळीवर ठेवली.

"ती कशाला ठेवता? दात गेलेत की," गिऱ्हाईक म्हणालं.

"पिनियनचे गेलेत. क्राऊनचे एका बाजूला बरे हायेत. मोजायला लागतंय कुणाला तरी," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी खडूने फळीवर लिहिलं: ४३-८.